पिवळ्या पट्टीची साक्ष

१

सकाळी सात वाजता दावणीत चारा पडला आणि आठ वाजायच्या आत सहा गाई आडव्या झाल्या. एकोणीस गाईंच्या त्या गोठ्यात मृत्यू दारातून आत आला, पहिल्या सहा जणींवरून हात फिरवून गेला आणि सातव्या खुंटापाशी, कुणी मागून हाक मारावी तसा, थबकला. पशुवैद्याने पहिल्या गाईची शीर उघडली तेव्हा रक्त नको तितके लाल निघाले. तो मान हलवत एवढेच म्हणाला, "हे आजाराचं रक्त नाही."

ही सोमवारची गोष्ट. गुरुवारी दुपारी पशुरोग प्रयोगशाळेच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, डाव्या मुठीत चुरगळलेला कागद.

"ही सही कुणाची?"

परीक्षकाने काचेच्या नळीवरून डोळे उचलले. चौदा वर्षे तो या टेबलाशी बसत होता, आणि माणसांपेक्षा नळ्यांशी बोलणे त्याला नेहमीच सोपे गेले होते.

"माझी," तो म्हणाला.

"मग वाचून दाखवा. मोठ्यानं."

त्याने वाचले. आपलेच शब्द त्याला परक्या घरात शिरल्यासारखे अवघडलेले वाटले. "मृत जनावरांच्या पोटातील अंशात सायनाइड आढळले. दावणीतील उरलेल्या चाऱ्यात सायनाइड आढळले नाही."

"म्हणजे विष चाऱ्यातून आलं नाही. म्हणजे माणसानं घातलं. आणि सायनाइड कुणाकडे असतं? दागिन्यांना मुलामा देणाऱ्याकडे. माझा भाऊ मुलामा देतो." तिने धापा टाकत कागद टेबलावर आपटला. "तुमचा कागद बुधवारी आला, बुधवारीच त्याला उचलला. लोकांनी दुकानाची काच फोडली. सोमवारपर्यंत कोठडी दिलीय, मग पुन्हा कोर्टात उभा करणार आहेत."

ती त्या गोठ्यावरची धार काढणारी मुख्य बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत. शनिवारी तिचा हात कडबाकुट्टीत सापडला होता. रविवारी व्यवस्थापकाने तिला निरोप धाडला, की डाव्या हाताने धार काढता येते. त्यावरून तिचा भाऊ गोठ्यावर जाऊन सगळ्यांदेखत ओरडला होता, "तुझा गोठा ओस पडेल एक दिवस!"

"रागात माणूस काय वाटेल ते बोलतो," अक्का म्हणाली. "मी आत्ता तुम्हाला मनातल्या मनात जे बोलतेय ते कळलं, तर तुम्ही मलाही आत टाकाल."

कोपऱ्यात बरण्या धुणारा म्हातारा मदतनीस फिस्सकन हसला. त्याला सगळे नाकेश्वर म्हणत, कारण जगातला प्रत्येक वास त्याला आधी यायचा आणि प्रत्येकाबद्दल त्याची तक्रार असायची.

अक्का हसली नाही. "तुमचा कागद खरा असेल, तर माझा भाऊ खोटा. भावाला मी ओळखते. तुम्ही या कागदाला ओळखता का?"

२

ओळखतो, असे त्याला म्हणायचे होते. त्याऐवजी तो तिच्यामागोमाग गोठ्यावर गेला.

व्यवस्थापक कडक इस्त्रीतला, गोड बोलणारा गृहस्थ होता. त्याने परीक्षकाचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या अहवालानं दूध का दूध, पाणी का पाणी झालं बघा! नाहीतर आम्ही बिचाऱ्या चाऱ्यालाच दोष देत बसलो असतो."

"तो चारा जिथला होता, ते शेत बघायचं होतं."

"शेत?" गृहस्थाचे हसू क्षणभर जागच्या जागी अडकले. "ते नांगरून टाकलं. मंगळवारी सकाळीच. पुढच्या पेरणीसाठी."

परीक्षक कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. समोर उलथलेली ढेकळे वाळून दगड झाली होती. दीड महिना या बाजूचे पाणी बंद होते, असे अक्का म्हणाली. मागे वळून पाहिले तर दर्शनी फाटकापाशी हिरवळीवर तुषार फिरत होते. पुढच्या आठवड्यात वरची मंडळी पाहणीला यायची होती. ज्या जमिनीला प्यायला पाणी नाही, तिथे पेरणीची एवढी घाई? हा प्रश्न त्याच्या मनात उमटला, आणि सवयीप्रमाणे त्याने तो ओठांवर येऊ दिला नाही.

गोठ्यातल्या रिकाम्या सहा खुंटांपाशी बसून त्याने वही उघडली. संशय घेणे वेगळे आणि तर्क मांडणे वेगळे, हे त्याला शिकवणाऱ्या बाईंनी कधीकाळी सांगितले होते. तर्क हा जपायचा नसतो. तो मोडून पाहायचा असतो, आणि न मोडला तरच जवळ ठेवायचा असतो.

"पाणी कुठून पितात?" त्याने विचारले.

"सगळ्या एकाच टाकीतून."

मग विष पाण्यात नव्हते, नाहीतर एकोणिसांतल्या एकोणीस गेल्या असत्या. एक तर्क मोडला.

"सोमवारी सकाळी इथे कोण होतं?"

"पाचपासून आम्ही चौघी. डाव्या हाताचा का होईना, पण हात लावायला मी आलेच होते. चारा पडल्यापासून मी याच ओळीत उभी. माझा भाऊ सहा दावणींत विष कालवत फिरला, तर मी काय डोळे मिटून उभी होते?"

तुमची साक्ष कोण मानणार, हे त्याने म्हटले नाही. तिच्या डोळ्यांतच ते लिहिलेले होते. पण तर्क म्हणून पाहिला, तरी तो डळमळत होता: ज्याला गोठा ओस पाडायचा आहे, तो सहांवर का थांबेल?

"चारा दावणीत कसा येतो?"

"गाडी येते, सगळा चारा कडबाकुट्टीतून निघतो, ढीग कालवला जातो, मग पाट्या भरून वाटतो. पण मशीन बंद होतं ना. माझं रक्त अजून पात्यांवर होतं. म्हणून सोमवारी गाडी सरळ दाराशी लावली आणि वरून उपसत अख्खी ताटं टाकत गेले."

परीक्षकाचा पेन्सिल धरलेला हात थांबला. वरून उपसली, म्हणजे पहिल्या सहा दावणींना गाडीतला सर्वांत वरचा थर मिळाला. आणि वरचा थर म्हणजे सर्वांत शेवटी कापलेला चारा.

"कापतो कोण?"

"चारेकरी दादा. चाळीस वर्षं तोच कापतो."

"त्याला भेटता येईल?"

अक्काने नांगरलेल्या शेताकडे पाहिले. "मंगळवारपासून रजेवर आहे. त्यानं मागितली नव्हती. त्याला दिली."

३

चारेकरी दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीच्या दोन खोल्यांत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. शुक्रवारची सकाळ होती. ज्यांना आयुष्यभर उभे राहायची सवय, ती माणसे खुर्चीवरही पाहुण्यासारखी बसतात.

"मला काही माहीत नाही, साहेब."

"दादा!" अक्का कडाडली. "माझा भाऊ तिथे जमिनीवर झोपतोय!"

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "फुलोऱ्यावर आलेलं कडवळ गाडी भरायच्या आतच संपलं. म्हटलं, आज एवढ्यावरच भागवू. व्यवस्थापक म्हणाले, कडेच्या पट्ट्यातलं काप. तो पट्टा दीड महिन्यापूर्वी कापलेला. बुडख्यातून परत फुटलेला, गुडघ्याएवढाच, आणि पाण्यावाचून काळपट पडलेला. म्हटलं, साहेब, हे घालू नका, गुरांना किराळ लागेल. कोवळ्या कडवळात विष असतं, आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तर म्हणाले, तुला पगार कापायचा मिळतो, बोलायचा नाही."

"हे तुम्ही फौजदारांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! ते म्हणाले, प्रयोगशाळा सांगते चाऱ्यात काही नाही. शिकलेल्या माणसाची सही आहे." दादा पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला. "मग मी म्हटलं, असेल. माझंच चुकलं असेल. चाळीस वर्षं चुकत असेल."

परतताना परीक्षक पायी निघाला. म्हाताऱ्याने सांगितलेले त्याला पुस्तकातून ठाऊक होते. कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, पानात विष तयार होऊन बसलेले नसते. पान दोन गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत सांभाळते. एकटी एकटी दोन्ही निरुपद्रवी. गाईचा दात पडतो, मधल्या भिंती फुटतात, त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात आणि त्या भेटीतून सायनाइड जन्मते. ज्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, त्याने आपला राग असा घडी घालून ठेवलेला असतो. आणि ज्या बुडख्यावर एकदा विळा फिरला, वर ज्याचे पाणी तोडले, त्याच्या नव्या कोंबात तो सर्वांत दाट साठतो.

म्हणून तर त्याने पहिल्याच दिवशी चाऱ्यावर संशय घेतला होता. आणि त्याच्याच चाचणीने तो तर्क मोडला होता. चाऱ्याची पूड निर्मळ निघाली होती. आता एकतर म्हातारा चुकत होता, नाहीतर चाचणी. म्हातारा चुकावा असे आपल्याला किती मनापासून वाटते आहे, हे ध्यानात आले तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

प्रयोगशाळेत शिरताच त्याने चौदा वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. "नाकेश्वर, माझ्या टेबलावर पूड येते, ती कशी तयार होते?"

"कशी म्हणजे? नेहमीसारखी. मोठ्या साहेबांचा नियम. पोटातलं ओलं बरणीत, बर्फात. चारा कापडी पिशवीत. बुरशी धरू नये म्हणून बारीक तोडायचा, दीड दिवस ओव्हनमध्ये वाळवायचा, मग दळायचा."

"ओव्हनमध्ये."

"मग! आणि सोमवारी मी बोंबलत नव्हतो का, की जर्दाळूची बी फोडल्यासारखा कडवट वास मारतोय म्हणून? खिडक्या उघडल्या सगळ्या. तुम्ही म्हणालात, मला नाही येत."

खरेच त्याला येत नव्हता. तो वास कित्येक नाकांना जन्मतःच येत नाही, हेही त्याने पुस्तकात वाचले होते.

बरणीतले विष बर्फात शाबूत राहिले होते. पिशवीतले ओव्हनच्या नळीवाटे सोमवारी दुपारी खिडकीबाहेर उडून गेले होते. मागे उरलेल्या निष्पाप भुश्श्यावर त्याने सही केली होती, आणि त्या सहीने एक माणूस कोठडीत गेला होता.

४

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुन्हा काढला.

"तुझं म्हणणं, आपला अहवाल आपणच मागे घ्यायचा?"

"हो."

"नऊ वर्षं तो ओव्हन चालतोय. नऊ वर्षांत कुणी ब्र काढला नाही. आणि तू एका गवत्या म्हाताऱ्याच्या आणि आपल्या त्या नाकेश्वराच्या नाकाच्या भरवशावर..." साहेब हसले. "पुरावा आण. अंदाजावर संस्था चालत नाहीत."

"शेत नांगरलं आहे, साहेब."

"मग झालं तर."

त्या 'झालं तर'मध्ये एवढी सुटका होती की परीक्षक जाण्याऐवजी टेबलाकडे एक पाऊल सरकला. आवाज चढवणे त्याला कधी जमले नव्हते. शाळेत पेन हिसकावून घेतले तरी तो गप्प बसायचा, आणि नंतर तासन्‌तास उत्तरे रचायचा. आज उत्तर रचायला वेळ नव्हता.

"पुरावा आणला, तर तुम्ही सोमवारी ठाण्यावर याल," तो म्हणाला. विनंती करतो आहे असे त्याच्या आवाजावरून वाटले नाही.

बाहेर पायरीवर अक्का बसली होती. त्याने सगळे सांगितले, ओव्हनसकट. ती शिव्या देईल असे त्याला वाटले होते. तिने पट्ट्यांतला हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली.

"हो. मीच."

"बरं. मग नांगर कुणी धरला होता ते ऐका. ट्रॅक्टर. आणि आमच्या त्या शेताच्या कोपऱ्यात विजेचा खांब आहे."

त्याला कळेना.

"अहो, ट्रॅक्टर काय मांजर आहे, खांबाभोवती अंग घासत वळायला? कोपरा राहतोच. दरवर्षी राहतो. दादा तिथलं हातानं कापतो."

शुक्रवारी दुपारी, खांब आणि कुंपण यांच्या बेचक्यात, हात-दीड हात रुंदीच्या तिकोनात त्यांना ते सापडले: गुडघ्याएवढे, काळपट हिरवे, विळ्याने एकदा छाटलेल्या बुडख्यांतून पुन्हा उठलेले. अक्काने डाव्या हाताने विळा चालवला. पहिले दोन घाव चुकले. तिसरा लागला.

नाकेश्वराने ते नेहमीसारखे कापडी पिशवीत घातले, नेहमीसारखे तोडले आणि दीड दिवसासाठी ओव्हनमध्ये ठेवले. तासाभराने त्याने धावत जाऊन खिडक्या उघडल्या.

"आला!" तो ओरडला. "मेला, तोच वास!"

५

सोमवारी सकाळी फौजदारांच्या खोलीत सहा माणसांना पुरेशा खुर्च्या नव्हत्या. मोठे साहेब आणि व्यवस्थापक बसले. अक्का आणि दादा भिंतीशी उभे राहिले. परीक्षकाने टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या आणि कोमट पाण्याचे भांडे मागवले.

"एकीत शुक्रवारी कापून आमच्या ओव्हनमध्ये वाळवलेला चारा आहे. दुसरीत त्याच कोपऱ्यातला, आज सकाळी कापलेला. दोन्ही खलून भिजवले आहेत." त्याने पिक्रेटच्या द्रावणात बुडवलेल्या दोन पिवळ्या पट्ट्या बुचांना अडकवल्या, बाटल्या बंद केल्या आणि कोमट पाण्यात उभ्या केल्या. "सायनाइडची वाफ लागली की ही पट्टी विटेसारखी लाल होते."

"हा काय जादूचा खेळ आहे?" व्यवस्थापक म्हणाला. "साहेब, मला गोठ्यावर कामं आहेत."

"बसा," फौजदार म्हणाले.

परीक्षक बोलू लागला. आरंभी आवाज कापत होता. त्याने सहा रिकाम्या खुंटांबद्दल सांगितले, गाडीच्या वरच्या थराबद्दल सांगितले. कडबाकुट्टी चालू असती तर कोवळा चारा एकोणीस दावणींत पातळ होऊन वाटला गेला असता आणि कदाचित एकही गाय दगावली नसती. पण मशीन बंद होते, कारण त्याच्या पात्यांवर या बाईंचे रक्त होते.

"आणि पाणी बंद होतं, कारण फाटकापाशी हिरवळ हवी होती. आणि शेत नांगरलं, कारण..." तो व्यवस्थापकाकडे वळला. "कोणतं बी पेरणार होतात?"

"म्हणजे?"

"पेरणीसाठी नांगरलंत ना? बी कोणतं आणलं होतं? पाणी कुठून देणार होतात?"

"ते... ते ठरायचं होतं."

"सोमवारी गाई मेल्या. मंगळवारी, चारा निर्दोष आहे असं मी म्हणण्याच्या आधी, तुम्ही शेत मोडलंत. विष माणसानं घातलं असं खरंच वाटत असतं, तर शेताला हात कशाला लावला असता? चाऱ्यात काय आहे हे त्या गोठ्यावर दोनच माणसांना ठाऊक होतं. ज्यानं सांगितलं, त्याला रजेवर पाठवलंत. दुसरे तुम्ही." त्याचा आवाज आता कापत नव्हता. "मग माझा कागद आला, आणि तुम्हाला आयता माणूस मिळाला. पाच दिवस तो आत आहे, आणि पाच दिवस तुम्हाला सगळं ठाऊक आहे!"

"अहो, पट्टी!" नाकेश्वर दारातून कुजबुजला.

सगळ्यांनी पाहिले. वाळवलेल्या चाऱ्याच्या बाटलीतली पट्टी पिवळीधमक होती. ताज्या चाऱ्याच्या बाटलीतली कडेपासून नारिंगी होत होत, त्यांच्या डोळ्यांदेखत, विटेच्या रंगाची झाली.

व्यवस्थापकाने रुमाल काढला. "माणसाच्या हातून चूक होते, साहेब. सहा जनावरांसाठी..."

"चूक सोमवारची," फौजदार म्हणाले. "मंगळवारपासूनची नाही. तुम्ही इथेच थांबा." मग ते परीक्षकाकडे वळले. "आणि तुमच्या पहिल्या कागदाचं काय करू?"

मोठे साहेब घाईने म्हणाले, "तांत्रिक बाब आहे. पूरक टिपण जोडू आपण."

"नाही," परीक्षक म्हणाला. "तो कागद खोटा आहे. मुद्दाम केलेला नाही, पण खोटा आहे. सही माझी आहे. असंच लिहा."

मुलामेवाल्याला बाहेर आणले तेव्हा अक्का पुढे झाली नाही. ती भिंतीला टेकून डाव्या हाताने तोंड दाबून उभी राहिली. तो उंच, वाकलेला माणूस होता. बोटांची टोके कामाने काळवंडलेली. परीक्षक त्याच्यासमोर गेला आणि म्हणाला, "ती सही माझी होती."

"बावीस वर्षं मी ते विष हाताळतो," मुलामेवाला म्हणाला. "हात धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्याला शिवत नाही. डब्याची किल्ली गळ्यात असते. डबा उघडून मोजा, एवढंच मी पाच दिवस सांगत होतो." त्याने बाटलीतल्या लाल पट्टीकडे पाहिले. "तुम्हाला निदान विचारावंसं वाटलं. पण उशिरा वाटलं."

त्याने क्षमा केली नाही. परीक्षकाला ते बरे वाटले. केली असती, तर ती कुठे ठेवावी हे त्याला कळले नसते.

६

दुपारी परीक्षकाने ओव्हनची वायर काढली आणि लाल पट्टी त्याच्या दारावर चिकटवली. मग त्याने जुन्या अहवालांचे कपाट उघडले.

नऊ वर्षांचे कागद होते. तो एकेक उलटत गेला आणि जिथे पोटात सायनाइड आढळले होते, ते बाजूला ठेवत गेला. संध्याकाळचे ऊन टेबलावर तिरपे झाले, तेव्हा बाजूच्या गठ्ठ्यात अकरा अहवाल होते. अकरा गोठे. अकराही ठिकाणी एकच ओळ, त्याच्याच अक्षरात: चाऱ्यात सायनाइड आढळले नाही.

"हे सगळे?" नाकेश्वर हळूच म्हणाला. "मोठे साहेब भडकतील हो."

"भडकू देत."

सर्वांत खालचा, सर्वांत जुना अहवाल त्याने उचलला. मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने, काम संपल्याच्या समाधानाने, दोन शब्द लिहून ठेवले होते: नोकरास काढले.

त्याने टेलिफोन ओढून घेतला. पलीकडून कुणीतरी, झोपमोड झाल्यासारखे, हॅलो म्हणाले.

"नऊ वर्षांपूर्वी तुमच्या गोठ्यावर एक नोकर होता," परीक्षक म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका तो मोठा होता. "तो आता कुठे राहतो?"